भुईच्या सुट्टीचा वार

*हापसा : पाणी, माती आणि गाव यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं*

मागच्या अंकात कुणीतरी विचारलं होतं, हापशाच्या ओट्याभोवती कायम चिखल का असतो. त्याचं उत्तर देताना जाता जाता मी एक ओळ लिहून गेलो, की आफ्रिकेतल्या घाना देशात एका कोको पिकवणाऱ्या गावात गुरुवारी अख्खा गाव मिळून तो ओटा धुतो आणि वाटाही साफ करतो. चिखल राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर. तेव्हा हा अंक त्या गावाला देऊन टाकू. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो, की नाशिक जिल्ह्यात वीसेक वर्षं मी हातपंपाच्या दुरुस्तीवर होतो. नंतर बोअर पाडणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर चार वर्षं घानात काढली, आशांती भागात. तिथेही आपलाच इंडिया मार्क टू. त्याचं मूळ आपल्या जालना-सोलापूरकडच्या पंपात आहे, हे मी तिथल्या मेकॅनिकला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. त्याला वाटायचं तो पंप घानाचाच.

अण्णा, आमच्या गावात २ ऑक्टोबरला श्रमदान होतं. सरपंच, ग्रामसेवक, शाळेची पोरं, सगळ्यांच्या हातात नवे कोरे खराटे. फोटो निघतात आणि दहाच्या आत सगळे छाटणीला बागेत. तुमच्या त्या गावात लोक खरंच येतात का? पैसे मिळतात, की कुणाची भीती असते?
*— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका*

पैसे नाहीत. भीती थोडी आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी वाराचं सांगतो, कारण खरी गंमत वारात आहे, आणि ती मला फुकट कळलेली नाही.

आमचं रिग बुधवारी अंधार पडता पडता त्या गावात पोचलं. गुरुवारी उजाडताच मी कामाला लागलो. बोअर घ्यायच्या आधी चिखलपाण्यासाठी खड्डा खणावा लागतो, त्याची आखणी केली आणि पहिली कुदळ घातली. दुसरी घालायच्या आत समोरच्या घरातली एक म्हातारी दोन्ही हात वर करून ओरडत धावत आली. मला वाटलं तिच्या कुणाची तरी समाधी उकरली की काय. पाच मिनिटांत माणसं जमली आणि मला कुदळीसकट ओडिक्रोपुढे, म्हणजे गावच्या मुखियापुढे, उभं केलं.

गुन्हा असा, की गुरुवारी भुईला लोखंड लावायचं नाही. तिथल्या अकान लोकांत मुलाचं नाव जन्मवारावरून पडतं. शुक्रवारचा तो कोफी, शनिवारचा क्वामे. आपल्या पेठ-सुरगाण्यात सोमा, मंगळ्या, बुध्या असतात, तसंच. गुरुवारी जन्मलेली मुलगी 'या'. आणि भुईलाही त्यांनी वाराचंच नाव दिलंय : आसासे या. गुरुवारची भुई. तिच्या वारी नांगरट नाही, खणणं नाही, शेतात जाणं नाही. समुद्राकडच्या फांटी लोकांची भुई शुक्रवारची, आणि कोळी मंगळवारी होडी काढत नाहीत. बेचाळीस दिवसांचं एक चक्र असतं, त्यात आणखी काही दिवस असेच पाळायचे. दंड म्हणून एक मेंढी आणि जिनसारख्या दारूची एक बाटली पडली. बाटलीतली थोडी जमिनीवर ओतून भुईची माफी मागितली, उरलेली कुठे गेली ते विचारू नका. ठेकेदाराने मेंढीचे पैसे माझ्या पगारातून कापले. रिगचा एक दिवस वाया गेला म्हणून तो महिनाभर कुरकुरत होता.

त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या मला आमचं निफाडकडचं घर आठवलं. माझे आजोबा सोमवारी बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. पाऊस येवो, वाफसा जावो, सोमवार म्हणजे सोमवार. मला कुणी सोमवारी औत धर म्हटलं असतं तर आजोबांनी मेंढीवर भागवलं नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गुरुवारी कुणीच शेतावर जात नाही, म्हणजे गुरुवारी सगळा गाव घरी असतो. मग गावाचं काम त्याच दिवशी. दर गुरुवारी नव्हे हं, मागच्या अंकात माझं जरा जास्त झालं. हापशाचा ओटा दर आठवड्याला, वाटा आणि ओढा महिन्या-दीड महिन्यातून, पावसात त्याहून लवकर. तिथे मोठा पाऊस मार्च ते जुलै, आणि त्या दिवसांत वाटेवरचं गवत आठ-पंधरा दिवसांत कमरेएवढं होतं. गवत आलं की साप आला. शाळेत जाणारी पोरं त्याच वाटेने जातात. त्यामुळे वाट साफ करणं हे तिथे शोभेचं काम नाही.

आदल्या संध्याकाळी दवंडी. आपल्याकडे कोतवाल डफ किंवा हलगी घेऊन फिरायचा, तिथे लोखंडी पोकळ घंटेसारखं एक वाद्य असतं, दावुरो म्हणतात. ते काठीने वाजवत माणूस फिरतो. वेळ ठरलेली. घराघरांतून फुफू कांडण्याचा आवाज येत असतो, कसावा आणि हिरवी केळी उखळात कांडून गोळा करतात तो, आणि तो ठोका थांबला की घंटा. म्हणजे माणसं शेतावरून आलेली आहेत, जेवायला बसणार आहेत, आणि ऐकू आलं नाही असं कुणाला म्हणता येत नाही. मजकूर दोन वाक्यांचा : उद्या ओढ्याची वाट, पहिल्या कोंबड्यानंतर, कोयता आणा. न येणाऱ्याला दंड.

सकाळी पुरुषांच्या हातात लांब सरळ पात्याचा कोयता आणि दुसऱ्या हातात आकडा असलेली काठी. काठीने गवत ओढायचं, कोयत्याने बुंध्याशी फटका. बघताना सोपं वाटलं. मी हौसेने घेतला आणि अर्ध्या तासात तळहाताला चार फोड. एक पोरगं, असेल नऊ-दहा वर्षांचं, माझ्या हातून कोयता काढून घेऊन पुढे गेलं, मागे वळूनही बघितलं नाही. वाटेने जाणारा-येणारा मात्र प्रत्येक जण थांबून म्हणायचा, 'आयेकू!' काम करणाऱ्याला म्हणायचा तो शब्द आहे, शाबास आणि दमलात ना, दोन्ही एकात. त्यालाही ठरलेलं उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडे राबणाऱ्याला आपण रामराम घालतो, पण तो भेटीचा रामराम असतो.

भीतीचं असं, की काम संपल्यावर वस्तीवार नावं घेतली जात. गैरहजर असेल त्याच्या भावाला सगळ्यांसमोर विचारत, कुठे आहे? आजारी, बाळंतीण, परगावी मयतीला गेलेला, चालेल. नुसताच घरी असेल तर दंड, एका दिवसाच्या मजुरीहून थोडा कमी. तोही दिला नाही तर संध्याकाळी दोघंजण येऊन अंगणातली कोंबडी उचलून नेत. पैसे भरा, कोंबडी न्या. माझ्यासमोर एकाने चार दिवस पैसे भरले नाहीत आणि पाचव्या दिवशी कोंबडीचा रस्सा झाला.

ओडिक्रो स्वतः गवत कापत नव्हता, खोटं कशाला सांगू. पण काम संपेपर्यंत उन्हात उभा असायचा आणि त्याचे दोन भाचे कापणाऱ्यांच्या रांगेत असायचे. भाचे अशासाठी, की तिथे वारसा आईकडून चालतो, उद्याचा मुखिया त्या भाच्यांतूनच व्हायचा. आणि फोटो काढायला तेव्हा कुणाकडे काही नव्हतं.

दादा, तुमच्या गावचा घोटाळा खराट्यात नाही, तारखेत आहे. २ ऑक्टोबर म्हणजे गोडी बहाराच्या छाटणीचे दिवस, त्या दिवशी बागायतदाराने दहापर्यंत थांबायचं म्हणजे त्याने उपकारच केले. तुमच्याकडे कोणत्या दिवशी गाव आपसूक कामातून मोकळा असतो ते बघा. मला विचाराल तर अमावस्या. लासलगावच्या बाजारात कितीतरी वर्षं अमावस्येला कांद्याचे लिलाव होत नसत, आणि अजूनही अनेक मजूर त्या दिवशी खाडा करतात. महिन्यातून एकदा, आदल्या संध्याकाळी दवंडी, एकच काम, दोन तास. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून भागवू नका. तिथे निळी खूण दिसली तरी माणूस म्हणतो, बघितलं नाही.

आपण विज्ञानाच्या सदरात भुईचा वार, मेंढीचा दंड असल्या गोष्टींचं कौतुक करता. ही अंधश्रद्धा नव्हे काय? आणि तिथल्या सरकारने काही आधुनिक मोहीम काढली नाही का?
*— निवृत्त मुख्याध्यापक, येवला*

सर, मेंढीचे पैसे माझे गेले, कौतुक मी कशाला करीन. आठवड्यातून एक दिवस कुदळ न लागल्याने जमिनीचं काय भलं होतं ते मला मोजता आलेलं नाही. माझं म्हणणं साधं आहे. सगळ्या गावाला एकाच दिवशी सुट्टी देणारी दुसरी युक्ती मी अजून पाहिली नाही.

सरकारी मोहिमेचं म्हणाल तर निघाली. मी परत आल्यानंतरची गोष्ट. २०१४ साली घानात पटकीची मोठी साथ आली, २८ हजारांवर माणसं आजारी पडली आणि दोनशेच्या वर गेली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१४ पासून दर महिन्याचा पहिला शनिवार राष्ट्रीय स्वच्छता दिन ठरला. योगायोग बघा, आपलं स्वच्छ भारत जेमतेम एक महिना आधीचं, २ ऑक्टोबर २०१४. जुना मेकॅनिक फोनवर हसत होता. आशांतीत शनिवार हा मयतीच्या विधींचा वार. माणूस गेला की त्याला लगेच पुरत नाहीत, पाहुणे जमवून शनिवारी मोठा विधी होतो, काळे-तांबडे कपडे घालून अख्खा गाव दुसऱ्या गावी जातो. शिवाय शनिवार पाळणारे ख्रिस्ती पंथाचे लोक त्या भागात बरेच. म्हणजे राजधानीत बसून नेमका गाव रिकामा असण्याचा वार निवडला. शहरात काही प्रमाणात चाललं. खेड्यातल्यांनी गुरुवार सोडला नाही.

अंधश्रद्धेचंच काढलंत तर एक सांगतो. तिथेही दिवेलागणीनंतर घर झाडत नाहीत, झाडलं तर घरातलं धन बाहेर जातं म्हणतात. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर असं म्हणणाऱ्या बाईला तिने सोयरीक म्हणूनच घेतलं असतं.

न येणाऱ्याला दंड, कोंबडी उचलणे... ही वेठबिगारच नव्हे का? आपल्याकडे असं केलं तर ते कायद्यात बसेल का?
*— एक वकील भगिनी, नाशिकरोड*

ताई, मी पान्हे फिरवणारा माणूस, कायदा तुमचा. पण या प्रश्नाने मला तिथेच छळलं होतं म्हणून थोडं वाचलं आहे, चुकलं तर कान धरा.

वेठीविरुद्धचा जुना आंतरराष्ट्रीय करार १९३० चा. त्यात एक पळवाट नव्हे, पण वेगळी खोली ठेवलेली आहे. गावाच्या प्रत्यक्ष उपयोगाची किरकोळ सामुदायिक कामं गावकऱ्यांनीच केली तर ती वेठ धरत नाहीत, पण ते काम हवं की नको हे गावाला किंवा त्याच्या प्रतिनिधींना विचारलेलं असलं पाहिजे. त्या काळी ही खोली का लागली ते उघड आहे. वसाहतीच्या राज्यात साहेब मुखियाला हुकूम द्यायचा आणि मुखिया गावाला रस्त्याच्या कामावर हाकायचा. कोयता तोच, दवंडी तीच, पण रस्ता साहेबाच्या मोटारीचा. म्हाताऱ्यांना तो फरक चांगला माहीत होता.

नायजेरियात प्रकरण कोर्टात गेलं. तिथे १९८४ साली लष्करी राजवटीने बेशिस्तीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि महिन्याचा शेवटचा शनिवार सफाईचा ठरवला. लागोससारख्या अवाढव्य शहरात सकाळी सात ते दहा रस्त्यावर यायलाच बंदी. पुढे एका बाईने दाद मागितली, २०१६ मध्ये अपील कोर्टाने ही संचारबंदी बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लागोसने ती सकाळ बंद केली. शेजाऱ्याने नाव घेऊन विचारणं आणि पोलिसाने गाडी अडवणं, यांत फरक आहे.

आपल्या राज्यघटनेचं तेविसावं कलम तुम्ही मला शिकवाल. पहिल्या भागात वेठबिगारीला बंदी. दुसऱ्या भागात राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, पण धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेद करायचा नाही. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावरच अडकलो. ते आपल्या गावासाठीच लिहिलंय.

कारण मी लहान होतो तेव्हा आमच्या गावची चावडी कोण झाडायचं? गाव नव्हे. येसकर झाडायचा. दवंडी तोच द्यायचा, मेलेलं जनावर तोच ओढायचा, आणि त्याचं घर गावाबाहेर. महार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली असं कागद म्हणतो. आमच्या गावात मी त्यानंतरही बरीच वर्षं पाहिलं, की चावडी झाडायला हाक त्याच घराला जायची. म्हणजे आपल्याकडे गावसफाईची पद्धत नव्हती असं नाही. ती होती, पण एका घराच्या जन्माला बांधलेली होती, आणि बाकीचा गाव पिढ्यान्पिढ्या ओट्यावर बसून बघत होता. आता त्याच गावाच्या हातात एकदम खराटा दिला की तो कॅमेऱ्याकडे बघतो. त्याला दुसरं काय करायचं तेच माहीत नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा उचलायचे आणि मग कीर्तन, ते याचसाठी. इथे नाशकात गोदेजवळ त्यांची धर्मशाळा आहे, मी येता-जाता बघतो. त्यांच्या नावाने २००० साली राज्याने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, बक्षिसं लावली, आणि खरंच पुष्कळ गावं उजळली. पण बक्षीस मिळाल्यावर पुढच्या वर्षी त्या गावाचं काय झालं, हे तुम्ही जिल्ह्यात फिरून बघा.

तिथलं गाव संतांचं होतं असं समजू नका. कोकोच्या बागेत राबायला उत्तरेकडून आलेली माणसं होती, काही तर शेजारच्या बुर्किना फासोची. वाट कापायला ती सगळ्यात आधी यायची आणि सभेत सगळ्यात मागे बसायची.

तुम्ही लिहिता पुरुषांनी वाट कापली. झाडलं कुणी?
*— एक वाचक, सटाणा*

बायकांनी. ताई, एवढ्या छोट्या प्रश्नाने पकडलंत.

तिथे घराभोवतीचं मोकळं अंगण रोज पहाटे झाडतात, अंधार असतानाच. ताडाच्या झावळीच्या हिरांची आखूड झाडणी असते, आपल्या खराट्यासारखीच पण दांडा नाही, त्यामुळे कमरेतून पूर्ण वाकावं लागतं. त्यातली एक काडी मोडते, जुडी मोडत नाही, अशी म्हण सगळे पुरुष मोठ्या प्रेमाने सांगतात. जुडी धरणाऱ्या बाईची कंबर कुणी विचारत नाही. गुरुवारी पुरुष दहा वाजता कोयते धुऊन ताडीकडे वळायचे, तेव्हा बायका कापलेलं गवत डोक्यावरून वाहून नेत असायच्या, नंतर ओट्याची घासपूस, नंतर घरी फुफू.

एक गोष्ट मात्र मी बदलताना पाहिली. नव्या बोअरसाठी गावाने खर्चाचा पाच टक्के वाटा आधी भरायचा आणि पाणी-स्वच्छतेची समिती नेमायची असा तिथे नियम होता, समितीत बायका हव्यातच. आमच्या गावात पैशाची पेटी एका मासळी विकणाऱ्या बाईकडे आली. तिने पहिल्या महिन्यात नियम काढला, ओट्यावर चप्पल घालून यायचं नाही. ओडिक्रोचा भाचा चपलेसकट चढला आणि तिने त्याच्याकडून दंड घेतला. पावती दिली. त्या ओट्याभोवती चिखल नव्हता, आणि माझ्या मागच्या अंकातल्या उत्तराचा अर्धा भाग तो आहे. उरलेला अर्धा शोषखड्डा.

आमच्या लहानपणी बारवेच्या पाण्याने नारू व्हायचा. आफ्रिकेत तो अजून आहे असं ऐकतो. तुमच्या गावात होता का?
*— वय ७८, सिन्नर तालुका*

काका, नमस्कार. नारू म्हटल्यावर आजच्या पोरांना काही कळणार नाही म्हणून दोन वाक्यं. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांच्या पोटात त्याची अळी असते, ती पाण्यातून माणसाच्या पोटात जाते आणि वर्षभराने दीड-दोन हात लांब दोऱ्यासारखा जंत पायातून फोड फोडून निघतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी जंत हजारो अळ्या पाण्यात सोडतो. म्हणूनच पायऱ्यांची बारव वाईट, रहाटाची विहीर बरी. त्यावर औषध नाही, लस नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुम्ही ते पाहिलं असेल.

भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. घानात १९८९ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण होते. शेवटचा २०१० मध्ये, आणि २०१५ साली तोही देश मोकळा झाला. आमचं गाव दक्षिणेकडचं, तिथे मी नारू पाहिला नाही. जोर उत्तरेकडे होता. पण तिथून आलेल्या एका मजुराच्या पोटरीवर दोन वण होते, आणि गुरुवारी ओढ्याची वाट कापून झाली की हा माणूस पाण्याच्या काठाशी उभा राहून पोरांना हाकलायचा, पाय घालायचा नाही. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

औषधाशिवाय रोग जाणं म्हणजे काय ते तुमच्या पिढीने पाहिलं. पाणी फडक्याने गाळा, फोड आलेल्याने पाण्यात उतरू नका, एवढंच. एकाने जरी मोडलं तरी अख्ख्या गावाला वर्षभराने भोगायचं.

सावड, इर्जिक यांसारखं तिथे काही आहे का? आणि रवांडातही असा सफाईचा दिवस असतो ना?
*— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक*

रवांडाचा उमुगांडा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी असतो, पण रवांडा घानासारखा पश्चिम आफ्रिकेत नाही, नकाशा बघ. घाना ते रवांडा म्हणजे नाशिकहून गुवाहाटीपेक्षाही लांब.

इर्जिक आहे, त्याला न्नोबोआ म्हणतात. आज माझ्या शेतात दहाजण, परवा तुझ्या शेतात तेच दहाजण, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. पण ते खाजगी शेताचं काम. गुरुवारचं काम गावाचं, तिथे कुणी कुणाला जेवायला घालत नाही, परतफेड नाही. परीक्षेत दोन्ही एकत्र लिहू नकोस. आणखी एक, समुद्राकडच्या आगोना आणि गोमोआ लोकांत वाट साफ करण्याचा सणच आहे, अक्वाम्बो. ओढ्याकडच्या, देवस्थानाकडच्या, पूर्वजांच्या वाटा मोकळ्या करायच्या आणि मग नाचगाणं. आमचा ड्रायव्हर तिकडचा होता, सणाला गेला की आठवडाभर यायचा नाही.

तुमच्या गावात प्लास्टिक नव्हतं म्हणून हे जमलं. आमच्याकडे मल्चिंगचा प्लास्टिक कागद, ठिबकच्या नळ्या, औषधांच्या बाटल्या. याचं काय करायचं?
*— शेतकरी, निफाड तालुका*

बरोबर धरलंत. मी गेलो तेव्हा तिथला कचरा म्हणजे कसाव्याची सालं, केळीची पानं, कोकोच्या शेंगांची टरफलं. बोकडं अर्धं खात, उरलेलं गावाबाहेरच्या उकिरड्यावर कुजे. माझ्या शेवटच्या वर्षी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या पिशव्या आल्या, 'प्युअर वॉटर' म्हणून विकतात. कोपरा दाताने फाडायचा, प्यायचं, टाकायचं. पहिल्या गुरुवारी बायकांनी त्या झाडून उकिरड्यावर नेल्या. दुसऱ्या गुरुवारी वाऱ्याने त्या परत वाटेवर. तिसऱ्या गुरुवारी पेटवल्या, तर धूर शाळेत. सभा बसली, खूप बोलणं झालं, आणि मासळीवाल्या बाईने विचारलं की या पिशव्या गावात विकतो कोण? विकणारा त्या सभेतच बसला होता. पुढे काय ठरलं ते मला पाहायला मिळालं नाही, माझा करार संपला.

तुमच्या नळ्या भंगारवाला घेतो, त्या राहू द्या. औषधाच्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात गोडंतेल भरणार नाही. कागदाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्या दुकानातून तो येतो तो दुकानदारही तुमच्याच गावचा असेल, तर त्याला अमावस्येला बोलवा.

*ता.क. : दोघातिघांनी विचारलंय की तो कोयता मी आणला का. आणला होता. पंचवटीतल्या घरी माळ्यावर आहे, मूठ सुटली आहे. आमच्या घरी त्याने नारळ सोलतात, आणि बायको म्हणते की आपला विळा बरा.*